रोर्क आणि कळवळा

ताई, नमस्कार.

आयन रँडच्या ‘द फाउंटनहेड’ या कादंबरीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की तिचा नायक, वास्तुरचनाकार हॉवर्ड रोर्क हा कुणाच्याच दुःखानं न हलणारा माणूस आहे आणि स्वावलंबनाच्या नावाखाली मी त्याची भलामण केली. वॉर्डात नर्स म्हणून तीस वर्षं काढलेल्या बाईला ‘परोपकार हा दुर्गुण’ असं कुणी शिकवू नये, असंही म्हणालात. ते वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी शब्दाचं. आयन रँड ज्या ‘अल्ट्रुइझम’वर तुटून पडते, तो आपला परोपकार नव्हे. एकोणिसाव्या शतकात ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंतानं तो शब्द रूढ केला. माणसानं दुसऱ्यासाठीच जगावं, असा त्यामागचा आग्रह. रँडचा जन्म १९०५चा, सेंट पीटर्सबर्गचा. रशियन क्रांतीनंतर तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान सरकारजमा झालं. ‘सगळ्यांसाठी’ म्हणत एखाद्याचं काय काय काढून घेता येतं, हे तिनं घरातच पाहिलं होतं. तुम्ही वॉर्डात केलंत ते या खात्यात बसतच नाही.

आता कादंबरीतली स्टीव्हन मॅलरीची खोली आठवा. हा तरुण शिल्पकार पार मोडलेला, गबाळ्या खोलीत राहतोय, पोटासाठी गुटगुटीत बाळाच्या स्वस्त प्रतिमा घडवतोय. रोर्क त्याला शोधत तिथं येतो, ती बाळाची प्रतिमा बघतो आणि भिंतीवर फेकून तिचे तुकडे करतो. तो असा संतापलेला त्याआधी कुणीही पाहिलेला नसतो. मग मॅलरी रडतो आणि रोर्क त्याच्यापाशी बसून राहतो. कळवळा नसलेला माणूस दुसऱ्याच्या वाया जाणाऱ्या हातांसाठी इतका पेटेल का? तो मॅलरीला भीक घालत नाही, काम देतो.

याच्या उलट कादंबरीतली कॅथरीन, समाजसेवा करणारी तरुणी. गरिबांची सेवा करता करता तिच्या लक्षात येतं, की तिला फक्त मिंधे राहणारे लोक आवडू लागलेत. तिच्याशिवाय कुणाचं भलं झालं की तिला राग येतो. ती घाबरून एल्सवर्थ टूहीला, म्हणजे मामाला, हे सांगते, तेव्हा तो तिला ‘मी’पणच टाकून द्यायला सांगतो. कादंबरीतलं हे पान मला सगळ्यात भीतीदायक वाटतं.

तरी एका ठिकाणी तुमचं म्हणणं मला पटतं. रोर्कचा एकेकाळचा सहाध्यायी, आता हरलेला वास्तुरचनाकार पीटर कीटिंग स्वतःची चित्रं रोर्कला दाखवतो. रोर्क म्हणतो, आता उशीर झाला. कीटिंग निघून गेल्यावर रोर्कच्या मनात दया दाटते आणि त्याला तिचीच शिसारी येते. या भावनेला सद्गुण म्हणणाऱ्या जगाचं काहीतरी चुकतंय, असं त्याला वाटतं. रँड इथं घाई करते. ज्याच्यासाठी खरंच उशीर झालाय, त्याचं पुढं काय करायचं? आपल्या गुरूच्या, म्हाताऱ्या कॅमेरॉनच्या मरणापर्यंत रोर्क त्याला धरून असतो, पण कॅमेरॉन मोठा वास्तुरचनाकार होता. ज्याच्या हातून काहीच मोठं घडलेलं नाही, त्याच्या उशाशी कोण बसणार?

माझ्या आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा ती डाव्या हातानं कप धरायची आणि चहा पातळावर सांडायचा. मी कप काढून घेतला की मान फिरवायची. तिचं करायला येणाऱ्या मावशी मात्र कपात अर्धाच चहा ओतायच्या, हनुवटीखाली बशी धरायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. आई सगळा चहा स्वतः प्यायची. त्या मावशींमध्ये मला रोर्क दिसला, हे मी आजही म्हणेन.

पण शेवटच्या महिन्यात तिला कप धरवेना. आम्ही चमच्यानं भरवायचो, अर्धं ओघळायचं. त्या महिन्याबद्दल या कादंबरीत मला काही सापडलं नाही. तुम्ही असे कित्येक महिने पाहिले असतील. त्याबद्दल लिहा ना, मला वाचायचंय.