नुसतं वाचणाऱ्यांना काढू नका

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑनलाइन शिकणाऱ्यांच्या गटात लोकांच्या विनवण्या करत बसू नये, गुण आणि बॅज ठेवावेत, लिहायचं ते लिहितील, आणि महिनोन्महिने नुसतं वाचणाऱ्या ‘फुकट्यांना’ काढून टाकावं. तुमचा वैताग समजतो, पण दुखणं तुम्ही सांगता तिथे आहे असं मला वाटत नाही.

गुणांचा उपयोग होतोच. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर प्रोग्रामिंगच्या उत्तरांचा केवढा साठा जमला, त्यात गुणांचा मोठा वाटा आहे. पण १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोगही लक्षात घ्या. आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना त्यांनी आधीच प्रमाणपत्र कबूल केलं. पुढे बक्षीस नसताना ती मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणून मी म्हणतो, कौतुक मदत झाल्यावर करा आणि नेमकं काय उपयोगी पडलं तेही सांगा.

लोक गप्प राहतात ते अनेकदा चारचौघांत चुकायच्या भीतीने. समजा, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी कुणी विचारते, “एक लिस्ट दुसऱ्या नावात ठेवली. दुसरीत बदल केला तर पहिलीही बदलली. असं का?” उत्तर येतं, “बेसिक आहे, आधी शोधा.” ती परत विचारणार नाही, आणि हे वाचणारे बाकीचेही आपापले प्रश्न गिळून टाकतील. तेच उत्तर असं आलं तर: “कॉपी झालीच नाही, एकाच लिस्टला दोन नावं पडली. कॉपी मेथड वापरून बघ आणि काय झालं ते इथेच लिही.” या उत्तरातलं शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण त्याने तिला लिहितं केलं. उद्या दुसरं कुणी तिथेच अडलं, तर मुरलेल्या प्रोग्रामरपेक्षा तीच कदाचित बरं समजावेल. आपण कुठे अडखळलो होतो, हे तिला अजून आठवत असतं.

ही भीती जाणत्यांनाही असते. २००९ मध्ये गणिती टिमथी गॉवर्स यांनी एक अवघड प्रश्न सगळ्यांसमोर मांडला आणि अर्धवट, चुकीचे ठरू शकतील असे विचारही बिनधास्त लिहा, असं सांगितलं. त्या पॉलिमॅथ प्रकल्पात टेरेन्स टाओंसारखे नामवंत गणिती होते, तसा एक शाळाशिक्षकही होता. काही आठवड्यांत त्या प्रश्नाची, म्हणजे हेल्स-ज्यूएट या गणितातल्या प्रमेयाच्या घनता-रूपाची, नवी सिद्धता हाती आली. कच्चं लिहायची मुभा नसती, तर त्यातले कितीतरी जण नुसते वाचत राहिले असते.

तेव्हा कुणाला काढण्याआधी एवढं करा. तुमच्या गटात अलीकडे नवख्यांनी विचारलेले प्रश्न काढा, प्रत्येकाला आलेलं पहिलं उत्तर वाचा आणि विचारणारा त्यानंतर पुन्हा कधी बोलला का ते बघा. काय दिसलं ते इथे लिहा, मला मनापासून वाचायचंय.