रुग्णांना विचारल्याने कारभार बिघडतो काय?

‘विमान प्रवाशांचे मत घेऊन चालवत नाहीत, मग रुग्णालय रुग्णांना विचारून का चालवायचे?’ अशा आशयाचा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर बराच फिरतो आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ चार आक्षेप घेतले जातात: सेवा घेणाऱ्यांना विषयातले कळत नाही, पुढे येतात ते केवळ बोलके लोक, वेळ आणि पैसा वाया जातो, आणि अभिप्रायाचे अर्ज असताना आणखी कशाची गरजच नाही. दृष्टांत आकर्षक असला तरी तो देणाऱ्यावरच उलटतो, कारण विमान कसे उडवायचे हे वैमानिक जाणत असला तरी कुठे जायचे हे प्रवासीच ठरवतो.

पहिला आक्षेप अज्ञानाचा. ऱ्हुमॅटॉइड संधिवातावरील उपचारांचा गुण कसा मोजावा हे ठरवणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००२ साली आपल्या परिषदेत प्रथमच रुग्णांना सहभागी करून घेतले. तोवर मुख्यतः सुजलेले आणि दुखरे सांधे, वेदना, हालचालींची क्षमता आणि रक्तातील दाहाची पातळी यांचेच मोजमाप होत असे. रुग्णांनी मात्र थकव्याचा मुद्दा लावून धरला, आणि पुढील काही वर्षांतच या आजाराच्या औषधचाचण्यांमध्ये थकवाही मोजावा, अशी शिफारस त्याच गटाने केली. तज्ज्ञांचे ज्ञान येथे कमी पडले असे मी म्हणणार नाही. परंतु आजार अंगावर वागवणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते ते तपासणीच्या टेबलावरून दिसत नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल. शस्त्रक्रियेत टाका कुठे घालावा हे रुग्णांनी ठरवावे, अशी मागणी तर कोणी केलेलीच नाही.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. रुग्णांना सामावून घेणाऱ्या समित्यांवर वेळ, शिक्षण आणि आत्मविश्वास असलेलीच माणसे अधिक येतात. पण याचे कारण पुष्कळदा बैठकीच्या रचनेतच सापडते. बैठक कामाच्या वेळेत ठेवायची, लघुरूपांनी भरलेले जाडजूड टिपण आदल्या रात्री पाठवायचे आणि प्रवासखर्च नंतर केव्हातरी द्यायचा, अशी पद्धत असेल तर स्मृतिभ्रंश झालेल्या आईला सांभाळणारी मुलगी तेथे कशी येणार? तिच्या जागी तेवढा वेळ आईजवळ बसणारे माणूस दिले, टिपण साध्या भाषेत आणि वेळेवर दिले, किंवा समितीच तिच्याकडे गेली, तर चित्र बदलू शकते. शिवाय प्रातिनिधिकतेचा हा दाखला टेबलाभोवती बसलेल्या तज्ज्ञांकडे आणि व्यवस्थापकांकडे कोणी मागत नाही, ही गंमतही नोंदवण्याजोगी आहे.

खर्चाचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. विचारण्याला खर्च येतो, तसा न विचारण्यालाही येतो, फक्त तो वेगळ्या खात्यावर पडतो. घरी येणाऱ्या मदतनिसाची पाळी संध्याकाळी सातला संपते म्हणून चाकाच्या खुर्चीवरील धडधाकट बुद्धीच्या माणसाला त्याआधीच अंथरुणात झोपवले जाते; कागदावर मात्र भेट वेळेवर झाल्याची नोंद होते. हे वेळापत्रक आखताना त्याला विचारले असते तर त्याच पैशांत अधिक उपयोगी सेवा देता आली असती.

राहिला अभिप्रायाच्या अर्जांचा मुद्दा. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात केवळ मत विचारणे ही चौथी पायरी असून तिची गणना त्यांनी नाममात्र सहभागातच केली, कारण मत ऐकल्यावर त्यानुसार काही बदलेल याची हमी तेथे नसते. प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही मानले. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराने तर, त्यांच्याशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्याशी जवळून विचारविनिमय करून त्यांना सक्रियपणे सहभागी करून घेण्याचे बंधन करारात सामील झालेल्या राष्ट्रांवर घातले. कर्मचारी सौजन्याने वागले काय, हे अर्जात जरूर विचारावे. पण निधी अपुरा पडला तर कोणती सेवा आधी बंद करायची, हा प्रश्न अर्जात नसतो आणि तो सुटण्यापूर्वी ती सेवा वापरणारा माणूस त्या खोलीत असायला हवा.