मॅकॉलेच्या प्रशस्तिपत्राची हौस

'मी भारत उभा-आडवा पालथा घातला. मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही. हा देश जिंकायचा तर त्याचा कणा, म्हणजे अध्यात्म आणि संस्कृती, मोडली पाहिजे. म्हणून त्यांची शिक्षणपद्धती बदलू या.' खाली सही: लॉर्ड मॅकॉले, ब्रिटिश संसद, २ फेब्रुवारी १८३५. आणि त्याखाली, फॉरवर्ड करणाऱ्यांच्या पदरचं: 'मग इंग्रजांनी कायदा करून गुरुकुलं बंद पाडली.'

वर्षानुवर्षं हे येतं आणि मी अंगठ्याने वर सरकवते. या वेळी मात्र ते भाच्याच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात निघालं. शाळेतून तपासून आलेलं, शेजारी लाल शाईत 'छान'. तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

तारखेचं लगेच संपवू. २ फेब्रुवारी १८३५ ला मॅकॉले कलकत्त्यात होता. खासदारकी सोडून तो गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून आला होता. जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला. लंडनचा प्रवास तेव्हा काही महिन्यांचा. संसदेत बोलायला तिथे हजर असावं लागतं, निदान त्या काळी तरी लागायचं. 'लॉर्ड'ही तो १८५७ साली झाला. आणि उभा-आडवा भारत म्हणजे काय, तर मद्रासहून पालखीत बसून उटीला बेंटिंकच्या भेटीला, तिथून परत मद्रास आणि जहाजाने कलकत्ता.

आता तो भिकारी. माझा खरा संताप इथे आहे. १८३५ म्हणजे प्राचीन काळ नव्हे हो! बंगालची दिवाणी कंपनीकडे जाऊन तेव्हा सत्तर वर्षं झाली होती, पेशवाई बुडून सतरा. त्या साली देशात एकही भिकारी नव्हता असं म्हणायचं असेल, तर कंपनी सरकारने कारभार उत्तम केला असं म्हणावं लागेल. १७७० चा बंगालचा दुष्काळ मग घडलाच नाही. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या लुटीचा हिशेब मांडण्यात जन्म घालवला, तोही उगाच. इंग्रजांना शिव्या घालायला म्हणून पाठवलेला मजकूर त्यांनाच चांगल्या वर्तणुकीचा दाखला देतोय, आणि पाठवणाऱ्या एकालाही ते खटकत नाही!

मॅकॉले उतरला त्याच मद्रास इलाख्यात, जेमतेम वर्षभर आधी, गुंटूरचा दुष्काळ होऊन गेला होता. १८३२-३३. जिल्ह्याची वस्ती पाच लाखांची, त्यातली दीड ते दोन लाख माणसं गेली असा अंदाज आहे. आपल्याकडचंच बोलायचं तर १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने पुणं आणि आसपासचा मुलूख लुटला, त्यामागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. पेंढारी नावाचे लोक काय कीर्तनाला जात होते? आणि १६३० च्या दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली हे खुद्द तुकोबांनी अभंगात सांगितलंय. आपल्या आनंदासाठी ती माणसं उपाशी नव्हतीच असं म्हणायचं, तर मग तुकोबा खोटं बोलले का?

गुरुकुलबंदीचा कायदा कोणता, ते कुणी सांगत नाही. कधी १८३५ म्हणतात, कधी १८५८. असा कायदा नाही. ७ मार्च १८३५ चा बेंटिंकचा ठराव आहे आणि त्यात चालू असलेल्या देशी विद्यालयांना टाळं लावायचा हेतू नाही, असं स्पष्ट लिहिलंय. पुण्यात तर १८२१ पासून सरकारच विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा चालवत होतं, पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या पैशातून. डेक्कन कॉलेजचं मूळ तेच.

बरं, एवढं मान्य करते: त्याच ठरावाने नव्या विद्यार्थ्यांची विद्यावेतनं आणि संस्कृत-अरबी ग्रंथांची छपाई थांबवली, पैसा इंग्रजीकडे वळवला. बंदी नाही, पण रसद तोडली. आणि इंग्रज येण्याआधी इथे शाळाच नव्हत्या हेही खोटं. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने १८२२ मध्ये आपल्या इलाख्यात मोजणी करायला लावली, तर साडेबारा हजारांच्या आसपास शाळा निघाल्या. त्यात शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या जातींची मुलंही होती. मुली मात्र नावापुरत्या.

यातली विचित्र गोष्ट अशी की मॅकॉलेने त्या तारखेला खरोखरच काहीतरी लिहिलं होतं: शिक्षणावरचं त्याचं टिपण. छापील आहे, आणि दोन-तीन चहांत वाचून होतं. त्यात तो आधी कबूल करतो की मला संस्कृत येत नाही, अरबी येत नाही. मग म्हणतो, चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे. आपल्या पुराणांतल्या तुपाच्या समुद्रांची टिंगल करतो. न वाचता निकाल, वर त्याचा अभिमान. शिव्या घालायच्याच असतील तर हे घ्या ना! पण हे नको असतं, कारण यात तो आपलं कौतुक करत नाही. आपण सगळ्यांत थोर, हे आपल्याला त्याच साहेबाच्या तोंडून ऐकायचंय. परक्याच्या फडताळावर न वाचता शिक्का मारण्यात मग आपणही मागे नाही.

त्याच टिपणात आणखी एक वाक्य आहे, ते कुणीच फिरवत नाही. सगळ्या रयतेला शिकवणं आमच्या तुटपुंज्या साधनांत शक्य नाही, आपण मधला दुभाष्यांचा वर्ग घडवू या. या धोरणावर खरा घाव जोतीराव फुल्यांनी घातला, १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे: महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून, खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

ग्रुपवर हे लिहिल्यावर काकांचं उत्तर आलं, 'वाक्य खोटं असेल, पण भावना खरी आहे ना?' कोणती भावना, काका? गुंटूरला कुणी मेलं नाही, ही?