अंतर ठेवायचं कुठं?

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर 'टोमणे मारणाऱ्यांपासून अंतर ठेवा' हा तुमच्या लेखातला सल्ला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ठीक आहे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. टोमणे मारणारी काकू भिंतीपलीकडे, आणि सोयाबीन सोंगायला बाया लागल्या की तिच्याच दारात जावं लागते. माझी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करायचं ऑपरेशन, नागपूरला झाली. घरी आल्याबरोबर सुरू, "काहून पोट कापून घेतलं वं माय? वावरात राबली असती तं आपोआप उतरलं असतं." निंदण-खुरपण लहानपणापासून करतच होते, तरी वजन आणि शुगर दोन्ही वाढतच गेले! नवऱ्याला वेगळंच ऐकावं लागलं : "तेवढ्या पैशात बोअर झाली असती."

मला उपयोग झाला तो एकदाच, चारचौघींत, सरळ सांगून टाकण्याचा. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः तिथंच तयार होते, म्हणून भूक कमी लागते. आणि ज्यांना हा सोपा रस्ता वाटते त्यांनी बी-१२ आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घेऊन पाहाव्या, जेवताना पाणी न पिता राहून पाहावं. तरी महालक्ष्मीच्या जेवणात पुरणपोळीच्या दोन घासांवर थांबले तर 'अन्नाचा अपमान' झालाच. तेव्हा सासूबाईच बोलल्या, "थे मांगते तेवढंच वाढा." त्यानंतर पंगतीत कोणी आग्रह केला नाही. लेखात घरच्यांनी काय बोलावं यावर एक ओळ नाही, पुढच्या भागात तेवढं लिहा.