सॉफ्टवेअर आहे म्हणून इंटिग्रेशन शिकायचंच नाही?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की इंजिनिअरिंगच्या पोरांना एम-वन, एम-टू या गणिताच्या पेपरांमध्ये हाताने इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स करायला लावणं म्हणजे निव्वळ टाइमपास, सॉफ्टवेअर सेकंदात करतं, उत्तर कधी चुकत नाही, फक्त ते महाग असतं. मी रोज मॅक्सिमा हे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर वापरतो, पोरांनाही वापरायला लावतो, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

महाग असतं? मॅक्सिमा १९९८ पासून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली फुकट आहे, सिमपाय ही पायथनमधली तशीच लायब्ररी, तीही फुकट. हा मुद्दा इथेच संपला.

"उत्तर कधी चुकत नाही." परवा एक पोरगी वही घेऊन आली, १ भागिले (२ + कॉस एक्स) याचं ० ते २ पाय (π) इंटिग्रल, उत्तर शून्य. तिने मॅक्सिमाकडून लिमिट न देता इंटिग्रल घेतलं, त्यात आर्कटॅन (टॅनचं उलट फंक्शन) आणि आत एक्स/२ चा टॅन, फक्त साइन-कॉसच्या रूपात, मग लिमिट स्वतः टाकल्या, दोन्हीकडे शून्य आलं, झालं. आता बघा, कॉस काहीही असो खालची संख्या १ ते ३ च्या मधेच राहते, म्हणजे फंक्शन १/३ च्या खाली जातच नाही, रुंदी ६.२८, मग आलेखाखालचा एरिया, म्हणजेच इंटिग्रल, निदान २.०९ तरी यायलाच हवा ना! खरं उत्तर २ पाय भागिले √३, साधारण ३.६३. एक्स पाय झाला की टॅन इन्फिनिटीला जातो आणि आर्कटॅन एकदम खाली उडी मारतो, ती उडी हिशोबात धरलीच नव्हती. सूत्र बरोबर, वापर चूक, आणि हे कळायला हाताने केलेलं इंटिग्रेशनच लागतं.

"मॅट्रिक्स टाका, उत्तर घ्या." मॅक्सिमात पहिली ओळ १, २ आणि दुसरी ३, ४ अशी मॅट्रिक्स घेऊन स्टारने स्वतःशीच गुणा, १, ४, ९, १६ येतं, कारण स्टार प्रत्येक आकडा सुटा गुणतो. खऱ्या गुणाकाराला टिंब लागतं, मग ७, १०, १५, २२. एरर काहीच येत नाही, बरं का. आणि मॅटलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये १ ते ९ आकड्यांची ३ बाय ३ मॅट्रिक्स टाकली तर डिटर्मिनंट शून्य यायच्या ऐवजी दशांशानंतर १५ शून्यं आणि मग ६ असा येतो, कारण आत ७ ने भागताना राउंडिंग होतं. सिमपाय अपूर्णांक तसेच ठेवतं, तिथे सरळ शून्य. डिटर्मिनंट शून्य म्हणजे मॅट्रिक्सला इन्व्हर्सच नसतो, पण ज्याला हे माहीत नाही तो खुशाल हिचा इन्व्हर्स काढून पुढे जाईल.

"हाताने करणं टाइमपास." एक्सचा एन वा घात इंटिग्रेट करायला सांगा, मॅक्सिमा तुम्हालाच उलट विचारतं, एन म्हणजे -१ आहे का? -१ ला लॉग का येतो हे ज्याने कधी केलंच नाही तो काय सांगणार? सहा बाय सहाचा इन्व्हर्स खुशाल मशीनला द्या, मीही देतो, पण दोन-दोनचे आणि तीन-तीनचे पोरांनी आधी वहीत करायचेच.