लुटनचे उदाहरण अपुरे आहे

फुटबॉलमध्ये हंगामाअखेर अव्वल संघांना वरच्या श्रेणीत नेणारी आणि तळाच्या संघांना खाली उतरवणारी बढती-घसरणीची पद्धत लहान क्लबांना संपवते, हा लुटन टाउन या इंग्लिश क्लबचे उदाहरण देणाऱ्या लेखातील निष्कर्ष मला मान्य नाही. हा लुटन २००८-०९ मध्ये ३० गुण कापले गेल्याने इंग्लंडच्या पाचव्या श्रेणीत ढकलला गेला, तेथे पाच हंगाम अडकला आणि तरीही २०२३ मध्ये प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला, हे लेखात कुठेच नाही. त्यानंतर तो लागोपाठ दोन श्रेणी खाली आला, हे खरे. पण दोष श्रेणींमधील पैशांच्या दरीचा आहे, बढती-घसरणीच्या शिडीचा नव्हे.

आपल्याकडे तर शिडीच अर्धवट आहे. पंजाब एफसी २०२३ मध्ये आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीची आय-लीग जिंकून इंडियन सुपर लीग या देशातील सर्वोच्च श्रेणीत गेले, परंतु २०२४-२५ पर्यंत तेथील तळाच्या संघाला खाली उतरावे लागले नाही. बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर घाम गाळणाऱ्या, कोल्हापूरच्या पेठांमधील सामने आवर्जून पाहायला जाणाऱ्या आमच्या मुलांना जिल्ह्यापासून वरपर्यंत सलग वाट दिसायला हवी, आणि वरच्यांना जागा सोडावी लागल्याशिवाय ती मोकळी होणार नाही.