मागच्या वर्षीचा व्हिडिओ

आईच्या फोनवर हिरवी रेष आलीये. वरपासून खालपर्यंत, अगदी सरळ. व्हिडिओ कॉलवर मावशीच्या नाकाला घासून जाते. रात्री अपडेट टाकून झोपली, सकाळी उठून बघते तर रेष. फोन घेऊन झाले १४ महिने, वॉरंटी १२ची. सर्व्हिस सेंटरवाल्याने डिस्प्लेचे ११ हजार सांगितले. अख्खा फोनच २३चा होता!

फोन मीच निवडलेला. तीन रात्री जागून, नऊ रिव्ह्यू बघून.

ज्याच्या शब्दावर घेतला, त्याला मनसोक्त शिव्या घालाव्यात म्हणून त्याचा तो व्हिडिओ परत लावला. पण शिव्या देता येईनात. रेषेबद्दल तो खोटं बोललाच नव्हता. फोन त्याच्याकडे आठ दिवस होता, आठ दिवसांत काय दिसणार? २०१६ साली सॅमसंगचा नोट ७ आला तेव्हा भल्याभल्यांनी डोक्यावर घेतला होता. १९ ऑगस्टला विक्री सुरू, २ सप्टेंबरला बॅटऱ्या पेटतात म्हणून माघार.

इथवर ठीक. मग यूट्यूबने त्याचाच नवा व्हिडिओ पुढे केला, त्याच कंपनीचा यंदाचा फोन. त्यात साहेब म्हणतात, "मागचं मॉडेल तापायचं, रात्रीचे फोटो धुरकट यायचे, यंदा कंपनीने ते सुधारलंय." तापायचं? अरे, मागच्या वर्षी तूच "हीटिंगचं टेन्शनच नाही भावांनो" म्हणाला होतास की!

तेव्हापासून मी कुठल्याही रिव्ह्यूवाल्याचा आधी गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघतो, मग यंदाचा. जुन्या फोनचे दोष ज्याला नवा फोन विकायच्या वेळीच आठवतात, तो बाद. दहा मिनिटांचं काम आहे. माझे निम्मे लाडके चॅनेल यात गळाले.

लोक फक्त "पेड आहे का?" एवढंच विचारतात. विचारावंच. आपल्याकडे २०२३पासून सरकारचीही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पैसे घेतले, वस्तू फुकट मिळाली तर तसं स्पष्ट सांगायचं. पण रोख पैसे हा एकच प्रकार नाही. अमेरिकेत गुगलने पिक्सेल ४च्या जाहिराती रेडिओवाल्यांच्या तोंडी घातल्या, "माझा आवडता फोन कॅमेरा" वगैरे. फोन त्यांच्या हातात आलेलाच नव्हता. २०२२ मध्ये ते प्रकरण ९४ लाख डॉलर भरून मिटलं. २०२४ मध्ये याच गुगलच्या प्रसिद्धी कार्यक्रमात फुकट पिक्सेल घेणाऱ्यांसाठी अट होती: दुसऱ्या ब्रँडला झुकतं माप देताना दिसलात तर आपलं नातं संपलं. बोंब झाल्यावर ती अट काढली. पण कागदावर नसली तरी पुढचा फोन लॉन्चच्या आधी आपल्याला मिळेल ना, ही धाकधूक असतेच. आठवडाभर उशिरा व्हिडिओ टाकला तर बघतो कोण? त्यामुळे "मी एक रुपयाही घेतला नाही" हे शंभर टक्के खरं असूनही जीभ जरा सांभाळूनच चालते.

माझ्या चाळणीतून टिकलेला एक पोरगा आहे. ड्रोन नाही, निळे-जांभळे दिवे नाहीत. मागे गोदरेजचं कपाट, मध्येच कुकरची शिट्टी. फोन स्वतः विकत घेतो, सहा महिन्यांनी त्याचाच पुन्हा व्हिडिओ करतो: बॅटरी किती उतरली, अपडेटने काय बिघडवलं, चार्जिंगची पिन ढिली झाली का. त्याच्या अनबॉक्सिंगला लाखभर लोक असतात आणि सहा महिन्यांनंतरच्या व्हिडिओला जेमतेम चार हजार. फोन घेऊन झाल्यावर कोण बघतंय? मी तरी कधी बघितला होता?

आईसाठी नवा फोन अजून ठरत नाहीये. तिला घाई नाही. म्हणते, "भजनी मंडळात सगळ्यांचे फोन सारखेच दिसतात रे, माझा लगेच ओळखू येतो."